मोठ्याने केलेली प्रार्थना

१२ जानेवारी, मंगळवार

माझ्या रुसलेल्या लेकाला,

तू पन्नाशीला टेकलास, पण रुसलास की खालचा ओठ अजून तसाच पुढे येतो. इथे बसूनही मला दिसतोय. त्या ओठाला आईचा पापा. आता पत्र फाडायचंच असेल तर निदान हे पान वाचून फाड.

फोन केला की सूनबाई म्हणते, "ते आंघोळीला गेलेत." सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, परवा संध्याकाळीही आंघोळ. अरे, आपल्या लॉन्ड्रीतली चादरसुद्धा एवढा वेळ पाण्यात राहत नाही. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तुझं तू बघून घे.

मी धाकटीकडे ठीक आहे. तुझ्या बहिणीने मला नातीची खोली दिलीय. ती पोरगी शिकायला बाहेर गेल्यापासून खोली रिकामीच होती. भिंतीवर कुणा गाणाऱ्या मुलाचं माणसाएवढं चित्र लावलंय. पहिल्या दिवशी सकाळी चष्मा नव्हता डोळ्यांवर, मी दचकून म्हटलं, "कोण रे तू? आत कसा आलास?" जावई धावत आले. तेव्हापासून घरात सगळे मला विचारतात, "आजी, पाहुणा जेवला का?"

खरं सांगू? मी आनंदात आहे. हे लिहायला भीती वाटते, कारण तू म्हणशील, मला खड्ड्यात घालून आई आनंदात. तसं नाही रे. एका डोळ्यात हसू आणि दुसऱ्यात आसू म्हणतात ना, तसं झालंय. आणि माझं वय असं की दोन्ही डोळ्यांतून एरवीही पाणी येतं, त्यामुळे कुणाला काही कळत नाही.

हे सगळं सुरू झालं दवाखान्यात. आपल्या लॉन्ड्रीतल्या पैलवानाचा हात कपडे पिळायच्या मशीनमध्ये सापडला तेव्हा मी रोज त्याला बघायला जायचे. (पैलवान हे नाव तूच ठेवलंस. फुंकर मारली तर उडेल असा माणूस.) त्याची बायको, आपल्याकडे इस्त्रीला येते ती, खाटेशेजारी बसून येशूशी बोलायची. बोलायची म्हणजे शेजारणीशी बोलावं तसं. "प्रभू, आज ताप उतरलाय, फार बरं केलंस. डॉक्टर मात्र तुसडा आहे, त्याच्याकडे जरा बघ." मी म्हटलं, हा बरा देव, याला काहीही सांगता येतं! मला बोलायला माणूस लागतं हे तुला माहीत आहे. तुझे बाबा गेल्यापासून माझं शेवटपर्यंत ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. तुम्ही सगळे मध्येच उठता.

मग ती मला त्यांच्या उपासनेला घेऊन गेली, टायरच्या दुकानावर ती खोली आहे तिथे. रबराचा वास आणि वर गाणी. आणि एका दिवशी मी म्हटलं, प्रभू, मी तुझी. एवढंच. विजा नाहीत, काही नाही. घरी येऊन भांडी घासली, पण घासताना गात होते. तेव्हा सूनबाई म्हणाली, "आई, बरं वाटत नाहीये का?"

आता त्या रविवारचं. मी ते मुद्दाम केलं नाही. पाळकांनी सांगितलं होतं, मनात जे आहे ते देवापुढे ओता. नव्या माणसाला असं सांगू नये. मला काय माहीत, ओतायचं ते मनातल्या मनात! बाकीचे डोळे मिटून पुटपुटत होते, मीही डोळे मिटले आणि सुरू झाले. माझा आवाज तुला ठाऊक आहे, मशिनांच्या घरघरीत बोलून बोलून घडलेला. मी म्हटलं, "प्रभू, माझ्या मुलाला माफ कर. मेकॅनिकने सांगितलं होतं, झाकणाचा खटका तुटलाय, नवा बसवेपर्यंत मशीन लावू नका. पण इस्पितळाच्या चादरी खोळंबल्या होत्या, म्हणून त्याने खटका तारेने बांधून मशीन चालू ठेवलं. मनाने वाईट नाही तो. तेवढ्याने पैलवानाचा हात गेला. मग कुणी यायच्या आत त्याने तार सोडून टाकली, तेही माफ कर."

आमेन म्हणून डोळे उघडले. इस्त्रीवाली माझ्याच शेजारी बसली होती. माझा हात तिच्या हातात होता.

जिभेला हाड नसलेली तुझी,
आई

२१ जानेवारी, गुरुवार

बाळा,

उत्तर आलं नाही. पत्रही परत आलं नाही, म्हणजे फाडलं तरी असशील किंवा वाचलं तरी असशील.

तू मला विचारलं होतंस, "तिने तिथे आरडाओरडा केला का?" तेव्हा तू इतका चिडलेला होतास की मला सांगता आलं नाही. नाही केला. माझा हात तिने सोडला नाही, पण तिचा हात गार पडला. शेवटचं गाणं झालं, तेही तिने म्हटलं. जिना उतरताना मला म्हणाली, "आजी, मी या माणसाला महिनोन् महिने बोल लावले. म्हटलं, तुझीच घाई नडली, मशीन थांबायच्या आत कशाला हात घातलास? आणि तो म्हणायचा, हो गं, माझंच चुकलं." मग पायरीवरच खाली बसली.

तुला हे माहीत असावं असं मला वाटतं. चादरी फिरत असतात तोवर त्या मशीनचं झाकण उघडतच नाही, हे पैलवानाला पक्कं ठाऊक होतं. झाकण उघडलं म्हणजे मशीन थांबलं, असं धरून त्याने हात घातला. चादरीने तो हात गुंडाळून घेतला. मग अपघाताच्या कागदावर आलं, कामगाराचा निष्काळजीपणा. ते त्याने खरं धरलं. दुसरीकडे काम मागायला गेला की लोक म्हणतात, तोच ना तो बेफिकीर? आणि तो मान हलवतो!

घरी जाऊन बायकोने सांगितलं तेव्हा तो म्हणे भिंतीकडे तोंड करून रडला. हात गेला तेव्हा रडला नव्हता.

मग त्यांनी कामगार कचेरीत अर्ज दिला. तो मी द्यायला लावला असं तू म्हणालास. ते खरं नाही. मी तर त्या दिवशी घरी येऊन आपणहून तुला सगळं सांगितलं, आणि तू बादली लाथाडलीस. "जा तुझ्या देवाकडे!" म्हणालास. देवाचा पत्ता घाईत सापडेना म्हणून धाकटीकडे आले.

बरं, आमचे पाळक येऊन गेले. ते आठवडाभर गाडी चालवायला शिकवतात आणि रविवारी आम्हाला शिकवतात. सवय इतकी की कुणी साक्ष देताना वाहवत गेलं की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जातो, ब्रेक समजून. माझ्या वेळी तर दोन्ही पाय दाबतात. ते म्हणाले, "आजी, चूक माझी. कुठे मोठ्याने बोलायचं आणि कुठे आतल्या आत, हे मी शिकवायला हवं होतं." आता मला आतल्या आत बोलायला शिकवलंय. पण आत बोलायला लागले की मला झोप लागते. काल झोपेत आमेन म्हटलं म्हणे.

बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात द्यायचा म्हणत होते. मी म्हटलं, थांबा थोडं.

तब्येतीला जप. भट्टीजवळून थेट गार वाऱ्यात जाऊ नकोस.

आई

२ फेब्रुवारी, मंगळवार

बाळा,

तू आलास! धाकटी म्हणाली, "भाऊ आलाय," आणि मी चपला न घालता धावले. तू आत आला नाहीस तरी मला चाललं. दारात उभा राहून बोललास, तेही चाललं. किती वाळलास! गळपट्टी सैल झालीय तुझी. सूनबाई खायला घालत नाही असं म्हणत नाही मी, तिच्या कानावर गेलं तर आणखी एक भांडण. तूच खात नसशील.

पण तू जे सांगून गेलास ते डोक्यातून जात नाही. 

तू म्हणालास, "आई, कचेरीत तुला बोलावतील. खोटं बोलू नकोस. फक्त म्हण, मला नक्की आठवत नाही. वकील म्हणतो, बाई सत्तरीच्या पुढची, विसरते, मनाने काहीबाही रचते, एवढं पुरे आहे."

मी म्हटलं, "पण मला आठवतंय रे."

तू म्हणालास, "काल चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होतास ना?"

ते धाकटीने तुला सांगितलं असणार. कुणाच्या पोटात काही राहत नाही या घरात, माझ्यावर गेलेत सगळे. पण बाळा, चष्मा वेगळा. ती तार मी बघितली. मी तिथेच खिडकीखाली फाटक्या चादरींना टाके घालत होते. आधी तू बांधताना बघितली, मग सोडताना. सोडताना मला वाटलं, उठावं आणि तुझा हात धरावा. उठले नाही.

मग तू म्हणालास, "लॉन्ड्री बंद पडली तर त्या सगळ्या बायका कुठे जातील? माझी पोरं कुठे जातील?" आणि जाता जाता म्हणालास, "तुझा देव मुलासाठी एवढंसुद्धा सांभाळून घेणार नाही का?"

हे तू टोमणा म्हणून बोललास. पण तोच प्रश्न मी त्याला तेव्हापासून विचारतेय.

शास्त्र वाचायला घेतलंय. बोट ठेवून वाचते, एका पानाला एक दुपार जाते. आईबापांना मान द्या असं लिहिलंय, तेवढं तुझ्यासाठी अधोरेखित केलंय. शेजाऱ्याबद्दल खोटं सांगू नका, असंही लिहिलंय. मुलासाठी त्यातून काही सूट आहे का ते मी खूप शोधलं. अजून सापडली नाही. बरीच पानं राहिलीत म्हणा.

तू दिलेला मेमरीच्या डॉक्टरचा कागद उशीखाली ठेवलाय. जाईन की नाही, माहीत नाही. तो तपासेल आणि म्हणेल, आजी ठणठणीत आहे, मग तुझी पंचाईत. म्हणेल, आजी गेलेली केस आहे, मग माझी.

आई

१४ फेब्रुवारी, रविवार

बाळा,

आज उपासनेला गेले नाही. पाय दुखतात असं धाकटीला सांगितलं. पाय दुखत होते, पण जाता आलं असतं.

पहिल्या पत्रात मी आनंदात आहे असं लिहिलं होतं ना, तो आनंद कुठे गेला कळत नाही. प्रार्थनेला बसले की तिकडूनही तुझ्या फोनसारखंच. वाजतो, कुणी उचलत नाही. पाळकांना म्हटलं, "मी नवीन आहे, माझं काही चुकतंय का? त्याने मला टाकलं का?" ते म्हणाले, "आजी, गाडी बंद पडली म्हणजे चोरीला गेली असं नसतं." मी म्हटलं, "मग तुम्हीच सांगा, कचेरीत काय बोलू?" त्यांनी पायाशी बघितलं, ब्रेक शोधल्यासारखं. मग म्हणाले, "मी सांगितलं तर तुम्ही माझ्यामुळे बोलाल. उद्या मुलाशी वाकडं आलं की बोट माझ्याकडे दाखवाल. इथे तुमच्या मनाचं तुम्हालाच ऐकावं लागेल." असला पाळक काय कामाचा? घरी आल्यावर बरं वाटलं, पण तेव्हा राग आला.

बाजारात आपल्याकडच्या घड्या घालणाऱ्या दोघी भेटल्या. जाडी आणि तिची नणंद. जाडी म्हणाली, "आजी, तुमच्या येशूने आमचं काम घालवलं तर आम्ही कुणाकडे प्रार्थना करायची?" नणंद म्हणाली, "गप गं, म्हातारं माणूस आहे." जाडी म्हणाली, "म्हातारं आहे म्हणून तर म्हणतेय, हिला आता कुठे कामाला जायचंय?" मला भाजी घ्यायची होती, काय घ्यायची ते विसरले. बघ, तुझ्या वकिलाला सांग, विसरले.

आणि काल इस्त्रीवाली आली. पैलवान खाली फाटकाशी उभा राहिला, वर आला नाही, लाजतो. ती बसली, चहा घेतला, मग म्हणाली, "आजी, एक सांगायला आलेय. कचेरीत तुम्ही आठवत नाही म्हणालात तरी मी मनात काही धरणार नाही. माझी आई असती तर तिनेही मुलाचीच बाजू घेतली असती. आपण रविवारी शेजारीच बसू, पूर्वीसारख्या."

मी विचारलं, "आणि पैलवान?"

ती म्हणाली, "त्याला कळलंय ना आता. त्याच्यापुरतं झालं." मग कप उचलत म्हणाली, "फक्त, तुम्हाला भ्रम झालाय असं ठरलं तर तो पुन्हा म्हणेल, माझंच चुकलं असेल. तो तसाच आहे. कुणी म्हटलं की मान हलवतो."

एवढं बोलून ती कप धुऊन गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या माणसापुढे दार लावता येतं. ही मला मोकळं सोडून गेली, आणि मी त्या मोकळेपणात अडकून बसलेय.

तू माझ्या पोटचा आहेस. पैलवान कुणाच्या तरी पोटचा आहे. आज हे दोन्ही एकदम धरता येत नाही.

आई

२३ फेब्रुवारी, मंगळवार

बाळा,

कचेरीत तू तिथेच होतास, तरी मी लिहिणार. तू खाली बघत होतास, त्यामुळे अर्धं तुला दिसलंच नसेल. आणि जे दिसलं ते माझ्या बाजूने कसं होतं, तेही तुला कळायला हवं.

सकाळी निघाले तेव्हा काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. शपथेवर सांगते. धाकटी रिक्षात सारखी विचारत होती, "आई, काय म्हणणार?" मी म्हटलं, "तुझ्या डोक्यावरचा पांढरा केस दिसतोय," मग ती रागावून बाहेर बघत बसली.

त्या कचेरीतल्या खुर्च्या एकमेकींना बांधलेल्या. एक हलला की सगळे हलतात. तू त्या टोकाला, वकिलाच्या पलीकडे. पैलवान या टोकाला, लुळा हात मांडीवर ठेवून, दुसऱ्याचं बाळ सांभाळायला दिल्यासारखा. तू पाय हलवत होतास, लहानपणापासूनची सवय. आणि तुझ्या पायाने पैलवानाची खुर्ची हलत होती. त्याला वाटलं असेल आपल्यामुळेच हलतेय, तो शेजारी बसलेल्या मला "सॉरी आजी" म्हणाला. स्वतःची खुर्ची हलतेय म्हणून मला सॉरी! तिथे माझं ठरलं. देवाचा आवाज वगैरे काही आला नाही. त्या माणसाने आणखी एकदा विनाकारण सॉरी म्हटलं, बस.

कचेरीतल्या अधिकारी मॅडमनी विचारलं, "आजी, तुम्ही काय पाहिलंत?" मी तुझ्याकडे बघितलं. मग म्हटलं, "मला आठवतंय. खटका तारेने बांधला होता. झाकण उघडलं तरी मशीन फिरत होतं. या माणसाची चूक नव्हती."

तुझं नाव मी घेतलं नाही. विचारलं असतं तर घेतलं असतं. पण घशातून आपणहून आलं नाही, ते देवाला मान्य असावं.

मग तुझा वकील उठला. कपडे काय इस्त्रीचे रे त्याचे, आपल्याकडचेच का? त्याने विचारलं, आज तारीख काय? मी चुकले. शंभरातून सात सात वजा करा म्हणाला. मी म्हटलं, "साहेब, मला चौथीतही जमत नव्हतं." कारकून हसला. मग म्हणाला, "तुमचे यजमान कुठल्या वर्षी गेले?" आता तूच सांग, हे एका आकड्यात सांगायची गोष्ट आहे का? मी म्हटलं, त्या वर्षी आपल्या गल्लीत पाइप फुटला होता, शिंप्याचं दुकान भिजलं, त्याने सगळं कापड आपल्याकडे आणून वाळवलं, त्यात एका नवरदेवाचा कोट होता, तो आटला, नवरदेवाची आई भांडायला आली... कारकुनाने तोंडावर रुमाल धरला. मॅडमसुद्धा पेनाशी खेळायला लागल्या. वकील म्हणाला, "बघा. बाई भरकटतात. यांच्या बोलण्याला काय अर्थ आहे?"

आणि सगळे हसले. मला पहिल्यांदा माझ्या म्हातारपणाची लाज वाटली, अंगावरून कपडा सरकावा तशी. मीही हसले थोडं. काय करणार.

तेव्हा तू उठलास. सगळ्या खुर्च्या हलल्या.

तू म्हणालास, "हसायचं काही काम नाही. ती अशीच बोलते. मी जन्मल्यापासून ऐकतोय. त्या कोटानंतर ती न्हाव्याकडे जाईल, मग तिच्या मावशीकडे, आणि मग बाबांचं वर्ष बरोबर सांगेल. भरकटते, पण पोचते. माझ्या आईला भ्रम नाही."

वकिलाने तुझी बाही ओढली. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मग तारेचं त्या म्हणतात ते?"

मी डोळे मिटले नाहीत. प्रार्थनाही सुचली नाही. तू म्हणालास, "होती. मीच बांधली होती."

आणि सही करून निघून गेलास. माझ्या खुर्चीसमोरून गेलास, थांबला नाहीस. माझ्याकडे बघितलंही नाहीस. पैलवानाकडेही नाही.

मी जिंकले असं समजू नकोस. घरी येऊन मी त्या गाणाऱ्या मुलाच्या चित्रासमोर बसून राहिले. तुझ्याविरुद्ध मी बोलले नाही रे, पैलवानासाठी बोलले. पण तोंडातून निघालेले शब्द तेच, आणि लागायचे तिथे लागलेच.

आई

५ मार्च, शुक्रवार

बाळा,

लॉन्ड्रीला कुलूप लागलं हे कळलं. तपासणी होऊन मशिनं दुरुस्त होईपर्यंत उघडता येणार नाही म्हणे. सूनबाईने धाकटीला फोन करून सांगितलं आणि बराच वेळ रडली. माझ्याशी बोलायचं नाही म्हणाली. तिचंही बरोबर आहे. जाडीने रस्त्यात तोंड फिरवलं. तिची नणंद मात्र थांबली, माझी पिशवी वरपर्यंत आणून दिली.

रविवारी माझा बाप्तिस्मा आहे. मला वाटलं होतं, त्या दिवसापर्यंत सगळं नीट होईल, मग स्वच्छ मनाने पाण्यात उतरेन. पाळकांना म्हटलं, "अजून माझा मुलगा बोलत नाही, आनंद परत आलेला नाही, रात्री घाबरायला होतं. अशा अवस्थेत चालेल का?" ते म्हणाले, "आजी, कपडे धुवायला टाकतात ते आधी धुऊन टाकतात का?" मी म्हटलं, "काही जण टाकतात, आमची सूनबाई टाकते." त्यांचा ब्रेक लागला. तर जाते. घाबरतच जाते. बुडवतील तेव्हा नाक धरायचं की नाही, एवढं विचारायचं राहिलंय.

पण हे पत्र त्यासाठी लिहीत नाहीये.

काल इस्त्रीवाली आली. दारातूनच म्हणाली, "आजी, बसा आधी." मी घाबरले, म्हटलं तुला काही झालं. ती म्हणाली, तुमचे चिरंजीव आमच्याकडे आले होते.

तिने सांगितलं ते असं. तू अगोदर न कळवता गेलास. पैलवान उघड्या अंगाने बसला होता. तुला बघून गडबडला, मालक दारात आणि आपण असे, म्हणून खुंटीवरचा शर्ट ओढला आणि कसाबसा अंगात चढवला. डाव्या हाताने बटणं लावायला लागला. लागेनात. एक लागलं ते वरखाली लागलं. तो म्हणाला, "बसा ना भाऊ, हे काय, झालंच." तू बसला नाहीस. तू त्याच्यापुढे गेलास, चुकलेलं बटण सोडवलंस, आणि खालून एकेक करून सगळी लावलीस. वरचं तेवढं सोडलंस, गळा आवळू नये म्हणून. पैलवान लहान मुलासारखा हनुवटी वर करून उभा राहिला म्हणे. मग तू तसाच पायऱ्या उतरून गेलास.

इस्त्रीवाली म्हणाली, "ते काहीच बोलले नाहीत, आजी." मी म्हटलं, "तो असाच आहे. तुम्ही समजून घ्या."

ती गेल्यावर धाकटी कुरकुरली. "आईकडे यायला याला वेळ नाही, आणि तिकडे गेला." मी तिला म्हटलं, आधी तिकडेच जायला हवं होतं. माझ्याकडे आधी आला असतास तर मी तुला पोटाशी धरलं असतं, आणि मग कदाचित तू तिकडे गेलाच नसतास. मी माझी वाट बघायची पाळी आनंदाने घेते. हो, आनंदाने. बघ, आला कुठून तरी परत.

माफी वगैरे शब्द माझ्याजवळ बोलायची तुला गरज नाही. रविवारी ये असंही म्हणत नाही. तुला जमेल तेव्हा ये. मी दुपारी झोपते, पण दाराला कडी नसते, नुसतं ढकल. आणि जिना सांभाळून चढ, वरून दुसरी पायरी हलते. मधोमध पाय ठेव.

तुझी,
आई